रहेमान मिस्त्री मयतीला निघाला

आर्णीच्या बसस्टँडसमोर रहेमान मिस्त्रीचं गॅरेज होतं आणि एसटीत पाऊल टाकायचं नाही, असा त्याचा बाणा होता. "दुसऱ्याच्या हातात स्टेअरिंग देऊन बसनं म्हंजे न्हाव्यापुढं मान टाकून झोपनं," तो म्हणायचा. गाव ऐकून घ्यायचं, कारण गाडी बंद पडली की त्याच्याच दारात यावं लागे.

घरोघरी कापूस पडून होता आणि बाजारात त्याला कुणी विचारत नव्हतं, त्या सालची गोष्ट. एका पहाटे उमरखेडहून फोन आला. बिस्मिल्लाबी गेली. रहेमानची थोरली बहीण. आईमागं तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. दुपारच्या नमाजानंतर मिट्टी होती. तोवर पोचायचं, आपाचं तोंड एकदा बघायचं आणि कबरीवर आपल्या हातानं तीन मुठी माती टाकायची, एवढंच त्याला हवं होतं.

"सकाळची बस हाय, संगच जाऊ," त्याची बायको फरहाना डोळे पुसत म्हणाली.

"तू जाय लेकरायले घेऊन. बस दर फाट्यावर थांबते. मी स्कूटरनं तुमच्या आंधी पोचतो."

स्कूटरचं सुख असं, की कुणाची वाट पाहावी लागत नाही आणि रडू आलं तर वाराच डोळे पुसतो. रहेमान गावाबाहेरच्या पुलापर्यंत मनसोक्त रडला. पुलावर स्कूटर बंद पडली. तिचा चांगला प्लग त्यानंच आदल्या दिवशी काढून एका गिऱ्हाइकाला लावला होता.

मागून काळी-पिवळी जीप आली. जीपमध्ये माणसांची ऊब असते. दुःख इतकंच, की ती सगळ्या पंचक्रोशीची असते. रहेमान कसाबसा पुढं बसला आणि इंजिनाची टकटक त्याच्या कानात शिरली.

"थांबव," तो म्हणाला.

"तीन वर्सापासून वाजून राह्यली," ड्रायव्हर भावसिंग म्हणाला. "चालते."

"मंधातच बंद पडन. मले मयतीले जायचं हाय बाबा. पाच मिनटं दे."

पाच मिनिटांत इंजिन उघडलं गेलं. एक बारकी चकती उडून गवतात पडली. ती शोधायला अख्खी जीप वाकली. एक म्हातारी कंबर धरून म्हणाली, "बापू, तुह्या घरचं मानूस मेलं, त्यात आमाले कायले मारतं?" चकती काही सापडली नाही. मागून आलेल्या जीपमध्ये सगळे चढले. रहेमानला मात्र कुणी आत घेतलं नाही.

शेवटी नागोराव नावाच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर थांबला. ट्रॉली कापसानं शिगोशीग भरलेली. "महागावपर्यंत जातो. बसा वरतं."

कापसाइतकं सुखाचं वाहन जगात नाही. ना धक्का, ना टकटक. बाजारात त्याचे हाल कुत्रं खात नव्हतं, पण रहेमानच्या पाठीला त्याची किंमत कळत होती. लहानपणी आपा त्याला अशाच ढिगावर झोपवून वेचणीला जायची. तिची आठवण काढता काढता त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ट्रॉली उभी होती. पुढं ट्रॉल्या, मागं बैलगाड्या.

"महागाव आलं काय?"

"कवाचंच," नागोराव म्हणाला. "खरेदीच्या रांगेत हाओत. तुमाले हाक देल्ली, तुमी उठलेच नाही. इथं सारेच झोपून राह्यतात, मंग मीबी सोडून देल्लं."

दुपारचा नमाज कधीच होऊन गेला होता. लांबून तिसऱ्या प्रहरची, असरची अजान ऐकू येत होती.

मग रहेमान एसटीत बसला. तिनं दर फाट्यावर थांबूनसुद्धा त्याला तिच्या ठरल्या वेळेवर उमरखेडला उतरवलं.

कब्रस्तानात फक्त भाचा शाहिद होता, ताज्या मातीपाशी बसलेला.

"माह्यासाठी थांबले नाही रे?"

"आमी थांबनार होतो, मामू. पन अम्मीच सांगून गेलती. म्हने, रहेमानसाठी मले ताटकळत ठेवू नका. तो येईन, पन वाटेत कोनाची तरी गाडी उघडून बसला असन."

रहेमानला हसू आलं आणि हसता हसताच तो हमसून रडायला लागला. ऑइलनं काळी झालेली बोटं त्यानं सदऱ्याला पुसली आणि तीन मुठी माती टाकली.

शाहिदनं त्याला हाताला धरून उठवलं. "चला घरी, मामू. मामी सकाळीच आली. बस टायमावर होती."