अठरा तोंडं आणि बिबड्या

एरंडोलच्या कमलबाईंनी उन्हाळ्यात ज्वारीच्या पापडांचे, म्हणजे बिबड्यांचे, चार डबे भरले. पापड आता कोण घेतं, असं सून कोकिळा तेव्हाच म्हणाली होती. दिवाळी उलटली तरी डबे भरलेलेच. कोकिळा रोज त्यांच्यावरची धूळ पुसायची, काही न बोलता. ते न बोलणंच कमलबाईंना झोंबायचं. म्हणून त्यांनी योगराजच्या दुकानात बॅनर सांगितलं.

योगराजनं काय विकायचंय ते विचारलं नाही, फोटो मागितला. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर. त्याच्या संगणकात एकच साचा तयार होता. त्यात कमलबाई हात जोडून उभ्या राहिल्या, मागे सूर्य उगवला. खाली मुलगा, जावई, पुतणे, व्याही अशी अठरा तोंडं आली, कारण एक वगळलं की घरात बोलणं बंद. बिबड्या उरल्या जावयाच्या हनुवटीखाली, बोटभर जागेत.

चौकात बॅनर लागलं. कमलबाईंनी चष्मा पुसून पाहिलं.

"योगराज, मन्ही बिबडी कोठे शे?"

"खाली शे ना, अक्का. फोटो बघा कसा आला."

"माले विकाले काढेल शे का?"

दुसऱ्या दिवसापासून माणसं आली. कोणाची गटार तुंबलेली, कोणाचा नळ आटलेला. बिबडी एकानंही मागितली नाही. आपण निवडणुकीत नाही, असं कमलबाई प्रत्येकाला सांगत. बाई फार मुरलेली आहे, असं गल्लीनं ठरवलं.

अर्ज भरायला चार दिवस उरले असताना वॉर्डातले जुने उमेदवार हेमराज नाना स्वतः आले.

"अक्का, मतं फुटतील. अर्ज भरू नका. काय पाहिजे ते सांगा."

कमलबाईंनी दारातल्या कोकिळेकडे पाहिलं.

"चार डबा बिबडी शे. बठ्ठी लई जा."

डबे जीपमध्ये चढले. नानांनी रोख पैसे दिले आणि जाताना पुन्हा खात्री करून घेतली. बाईंनी शब्द दिला. द्यायला काही लागत नव्हतं.

संध्याकाळी योगराज ओशाळून नवं बॅनर घेऊन आला. एकही तोंड नाही. पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं: ज्वारीच्या बिबड्या, आणि घराचा पत्ता. कमलबाईंनी ते रस्त्यापलीकडून वाचून पाहिलं. वाचता आलं.

"आते जमनं. घडी करीसन ठेव."

"लावू नको?"

"अर्ज भरानी तारीख जाऊ दे. दुसरा उमेदवार अजून येवाना बाकी शे."

मग त्यांनी कोकिळेला ज्वारी भिजत घालायला सांगितली. तिनं ती दुपारीच घातली होती.