वाक, लिंप, मार्च

"लाडू खायचा, मान डोलवायची नि गप ऱ्हायचं," ताराबाईने शेणव्याच्या वेशीवर मुलाला शेवटचं बजावलं. "तोंड उघडलंस तर याद राख!"

आधीची दोन स्थळं याच तोंडापायी गेली होती. कमळाकर शहापुरात एका लाकडाच्या ठेकेदाराकडे कारकून होता. इंग्रजी तिसरीत दोनदा गटांगळ्या खाऊन तो बाहेर पडला होता, त्यामुळे साहेबाला येत नाही इतकं इंग्रजी आपल्याला येतं, याबद्दल त्याला शंका नव्हती. सध्या त्याला चालण्याच्या शब्दांचं वेड लागलं होतं. "आपल्यात काय? चालला, पळाला, संपलं! साहेब एकेका पावलाला वेगळा शब्द ठेवतो," असं तो ठेकेदाराच्या बैलांनाही ऐकवी. आपलं रखडणं, फेंगडणं, तुरुतुरु नि दुडुदुडु हा गाढव साफ विसरला होता. बरं, इंग्रजी तरी धड यावं! शब्द पाठ, अर्थ अंदाजपंचे. 'लिंप' म्हणजे लंगडणं; याच्या समजुतीने ती ठुमकत चालण्याची एक ऐट होती.

धर्मा पाटलाची गिरजा लाडवांचं ताट घेऊन आली आणि कमळाकर बघतच राहिला. ही मात्र त्याला मनापासून आवडली. हिच्यासाठी जन्मभर मुकं राहायची त्याची तयारी होती. ती अर्ध्या लाडवापर्यंत टिकली.

"पोरीला जरा चालून दाखवायला सांगा," ताराबाई म्हणाली. मुलगी लंगडी नाही ना, एवढं पाहायची ही जुनी रीत.

"थांब आये, मी सांगतो," कमळाकर ताठ बसला. "वाक!"

गिरजा वाकली आणि ताराबाईच्या पाया पडली.

"गुणाची हाय गो पोर!" ताराबाई खूश झाली.

"तसं नाय! वाक! वाक!"

गिरजा पुन्हा वाकली. मग बापाच्या पाया पडली, मग आत्याच्या, आणि माणसं संपल्यावर कोपऱ्यातल्या जात्याच्याही.

"किती वाकवतो पोरीला? कंबर जाईल तिची!" गिरजेची आत्या सकुबाई कडाडली.

इथे शहाण्या माणसाने पाणी पिऊन गप्प बसावं. कमळाकरने पुढचा शब्द काढला. "बरं, लिंप! लिंप!"

"काम बघायचंय त्यांना," धर्मा पाटील घाईघाईने म्हणाला. "गिरजे, ती कणगी लिंप."

भाताची बांबूची कणगी नेमकी कमळाकरच्या पाठीशी होती. गिरजेने पदर खोचला, शेणमातीचा काला आणला आणि थपाथप लिंपायला सुरुवात केली. निम्मा कणगीला लागला, निम्मा नव्या कोटाला. एवढ्यात कणगीखालचा उंदीर दचकून बाहेर आला आणि कमळाकरच्या पायाशी घुटमळला. कमळाकरला उंदराचा पत्ताच नव्हता. पोरीला एकदाची तिथून हलवायला तो ओरडत होता, "मार्च! मार्च!"

"मारच बोलतात ते! मार गो!" सकुबाई ओरडली.

गिरजेने कोपऱ्यातलं मुसळ उचललं. तोवर उंदीर पसार झाला होता. मुसळ कमळाकरच्या अंगठ्यावर बसलं. उंदीर गेलेला गिरजेने पाहिला होता का, हे तिला कोणी विचारलं नाही, आणि ती सांगणाऱ्यातली नव्हती.

"आयायाया!" त्या दिवशी तो एवढंच काय ते शुद्ध मराठीत बोलला.

धर्मा पाटील मेल्याहून मेला झाला. "चुकली पोर. रागावू नका. गिरजा तुमचीच समजा. तिचा मामा आला की सुपारी फोडू."

ताराबाईचा कानांवर विश्वास बसेना. मार खाऊन का होईना, स्थळ पदरात पडलं होतं. आता मामा येईपर्यंत या दिवट्याने फक्त तोंड मिटून बसायचं होतं.

मामा धाकलू शेतावरून आला तेव्हा कमळाकर शेण धुवायला अंगणात निघाला होता.

"काय पाव्हणं, लंगडता काय?"

लग्नाआधीच नवरीच्या हातचा मार खाल्ला, हे मामाला कसं सांगायचं? "अरे धाकलू, त्याचं काय झालं..." पाटील पुढे झाला. कमळाकरने हात वर करून त्याला थांबवलं.

"लंगडतो कोण? ही इंग्रजी चाल हाय. लिंप बोलतात हिला. मी लहानपणापासून असाच चालतो!"

घ्या! जन्मात पहिल्यांदा शब्द बरोबर लागला, तोही इथे.

मामाने त्यातलं कळलं तेवढं घेतलं. "लहानपणापासून? नि आमाला आधी नाय सांगितलंत?"

"अरे, मुसळ लागलं त्याला!" पाटील काकुळतीला आला.

"तो सोताच्या तोंडाने कबूल करतोय, तुमी कशाला झाकता? लंगड्याच्या गळ्यात मी भाची नाय बांधणार!"

ताराबाईने कपाळावर हात मारून घेतला. दाराआड गिरजा पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होती, आणि तिचे खांदे हलत होते.

बातमी कमळाकरच्या आधी शहापूरला पोचली. तिचे पाय धड होते. अंगठा बरा झाला, 'लंगड्या' हे नाव मात्र चिकटलं. पुढच्या साली ताराबाई त्याला घेऊन थेट मुरबाडपलीकडे वैशाखऱ्याला गेली. एवढ्या लांब कोणाला काय माहीत असणार? ओटीवर लाडू आले. मुलगी आतच थांबली होती. तिची आजी मात्र खांबाला टेकून निवांत बसली होती.

"पोरगी येईल मागनं," आजी म्हणाली. "आधी नवरदेवाला चालून दाखवू द्या."

कमळाकर उठला. त्याने कोट झटकला, ऐटीत तोंड उघडलं, आणि ताराबाईने त्यात अख्खा लाडू कोंबला.