अठराव्या प्रश्नाचे उत्तर

संस्कृती एका दिवसात घडत नाही. तिला किमान अकरा दिवस लागतात, हे आमच्या बांधकाम कंपनीने सिद्ध केले आहे. सुरक्षा संस्कृतीचे प्रमाणपत्र असल्याशिवाय पुढच्या मोठ्या कामाचा अर्जच भरता येणार नव्हता आणि तपासनीस बाराव्या दिवशी येणार होते. म्हणून साहेबांनी संस्कृती घडवण्याचे काम माझ्यावर सोपवले. (मी कागदपत्र विभाग सांभाळतो. विभागात मी आणि एक पंचिंग मशीन आहे.)

सुरुवात भिंतींपासून झाली. 'आधी सुरक्षा, मग काम' असे सव्वीस फलक लागले. सर्वांत उंच फलक सुताराने पिंपावर स्टूल आणि स्टुलावर स्वतः उभे राहून ठोकला. तो अगदी सरळ बसला आहे. एकशे चाळीस हेल्मेटे आली. नंतर ती परत करायची असल्याने वरचे प्लास्टिक काढू नये, असा आदेश निघाला. कामगारांच्या डोक्यांना घामोळे आले, पण हेल्मेटांवर एक ओरखडा नाही. गेल्या सात वर्षांतल्या अपघातांची नोंद तपासली, ती शून्य निघाली. (अपघातवही आदल्याच दिवशी आणली होती.)

मग पाठांतर. तपासनीस कामगारांना विचारतील असे एकोणीस प्रश्न होते. अठरावा असा: काम धोक्याचे वाटले तर काय कराल? उत्तर: काम थांबवीन, तो माझा अधिकार आहे. सगळ्यांचे झाले, पण प्लास्टरचे मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, त्यांच्या जिभेवर ते काही चढेना. चहाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडून नऊ वेळा घोटून घेतले.

"हे नुसतं म्हणायचं, की करायचं?" मामांनी विचारले.

"म्हणायचं हो, मामा. करायला कोण सांगतंय?"

बाराव्या दिवशी तपासनीस इमारतीखाली उभे राहिले. मामा बाहेरच्या भिंतीचे प्लास्टर करायला तिसऱ्या मजल्यावरच्या परांचीवर निघाले. पहिल्याच फळीवर पाय ठेवला आणि ती कुरकुरली. मामा खाली उतरले, थापी घमेल्यात ठेवली आणि खड्या आवाजात म्हणाले, "काम थांबवतो. तो माझा अधिकार आहे."

साहेबांचा चेहरा उतरला. मी धावलो. "मामा, तो अठरावा आहे! अजून पहिलासुद्धा विचारलेला नाही!"

"फळी चिरलीय. माझ्या मेहुण्याचा पाय अशाच फळीनं गेला. मी नाही चढत."

मला त्या क्षणी मामांचा फार अभिमान वाटला. (तो कोणत्या फाइलला लावायचा हे न कळल्याने जवळच ठेवला आहे.) तपासनिसांचे तर डोळे भरून आले. इतके जिवंत प्रात्यक्षिक त्यांनी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिले नव्हते. शंभरापैकी शंभर गुण देऊन ते गेले.

दुसऱ्या दिवशीही मामा खालीच.

"मामा, प्रमाणपत्र मिळालं. आता चढा की!" साहेब म्हणाले.

"प्रमाणपत्र मिळालं. फळी कुठं मिळाली?"

साहेबांनी दुसरा मिस्त्री शोधून पाहिला. पण अठरावे उत्तर एकशे चाळीस जणांना पाठ होते, आणि ते मीच करून घेतले होते. फळ्या बदलायच्या तर आठ दिवस जाणार. सुरक्षा संस्कृती म्हणजे सर्वांचा सहभाग, असे आमच्याच एकोणिसाव्या उत्तरात लिहिलेले असल्याने साहेबांनी इमारतीत घर घेतलेल्या एकशे चौदा कुटुंबांना निरोप धाडला: कामगारांच्या सुरक्षेसाठी फळ्या बदलत आहोत, चाव्या आठ दिवस उशिरा मिळतील, काही हरकत?

एकशे तेरा हरकती आल्या. (एकाने निरोप जाहिरात समजून पुसला.) तरीही कुणी वर चढेना, म्हणून नाइलाजाने फळ्या बदलल्या. मामा शीळ घालत प्लास्टर करू लागले.

हरकतींची फाइल मीच लावली. तुम्ही आता मामांची बाजू घेऊन हसत आहात, ते पाहून बरे वाटते. फक्त सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी सर्वांत पहिला फोन आला होता, "माणसं काय हो, दुसरी मिळतील, आमच्या भाड्याच्या घराची मुदत संपतेय" असे सांगणारा, तो आवाज तुमचा होता.