इडलीपात्रातली माती

कोरगावकरांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गॅसवर इडलीपात्र होतं आणि झाकणाच्या कडेने वाफ येत होती. लॉकडाऊन नुकतंच सैल झालेलं. चार महिन्यांनी दुसऱ्याच्या हातचं काहीतरी मिळणार म्हणून मी मनातल्या मनात चटणीची जमवाजमव करत होतो. कोरगावकरांनी झाकण उचललं. प्रत्येक वाटीत काळीभोर, मऊसूत माती.

"वीस मिनिटं झाली," ते घड्याळाकडे बघत म्हणाले. "बुरशी, किडे, तणाचं बी, सगळ्यांचा निरोपसमारंभ. निरीक्षण काय?"

"छान फुगलीय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"निष्कर्ष घाईने काढू नका," असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

कोरगावकर आमचे इथले, आयर्लंडमधल्या मेनूथ गावचे शेजारी. मूळचे मिरजेचे, वय पंचावन्नच्या पुढे, एकटेच राहणारे. औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात. तिथे म्हणे गोळीचा रंग जरा फिकट दिसला तरी सतरा कागद भरावे लागतात. ती सवय त्यांनी घरी आणली होती. चहाचा डबा, साखरेचा डबा, सगळ्यांवर उघडल्याची तारीख. आमच्या घरात मात्र 'उघडल्याची तारीख' शोधायची असेल तर पुरातत्त्व खात्याला बोलवावं लागेल.

ही माती होती चाफ्यासाठी. कोरगावकरांनी वसंतात कुठूनतरी चाफ्याची फांदी पोस्टाने मागवली होती आणि आयर्लंडच्या हवेत, कुंडीत का होईना, तिला फुलं आणायचीच असा पण केला होता. पलीकडच्या घरातल्या ब्रीडाने कुंपणावरून ती काठी बघितली आणि हळूच मला विचारलं, "युवर मॅन, इज ही ग्रँड?" म्हणजे इथल्या बोलीत, 'तो बरा आहे ना?' ती काठीबद्दल विचारत होती की कोरगावकरांबद्दल, ते मी विचारलं नाही. उत्तर दोन्हीकडे अवघड होतं.

ऑगस्टमध्ये ते मातीचा प्रश्न घेऊन आमच्या मागच्या अंगणात आले. म्हणजे कुंपणापलीकडेच राहिले, दोन मीटर मोजून. आमची आई तेव्हा आमच्याकडे होती. तीन महिन्यांसाठी आलेली. विमानं बंद झाली आणि अडकली. ती खुर्ची टाकून उन्हात बसली होती. म्हणजे मेनूथमध्ये ज्याला ऊन म्हणतात त्यात.

कोरगावकरांनी तीन पाट्या मांडल्या. एकीत वाफवलेलं कंपोस्ट, दुसरीत बारीक खडी, तिसरीत पर्लाइट. हे पर्लाइट म्हणजे पांढरे, हलके, टपोरे दाणे. आई ताडकन उठली.

"अहो कोरगावकर! एवढा साबुदाणा मातीत घालताय? इथे एकादशीला मूठभर मिळायची मारामार!"

"साबुदाणा नाही, काकू. दगड आहे. भाजून फुलवलेला. मुळांना हवा मिळते."

"दगडाच्या लाह्या," आई माझ्याकडे वळून म्हणाली. "माणसाला नाद लागला की तो काहीही करतो."

मग त्यांनी मिश्रण ओलं करून मुठीत दाबलं आणि मूठ उघडली. लाडू झाला होता. बोटाने टोचला, तो फसकन फुटला.

"पाक चुकला," आई म्हणाली.

"फुटायलाच हवा, काकू. टिकला तर माती नापास. पाणी धरून ठेवेल आणि चाफ्याची मुळं कुजतील. चाफा पाण्याने मरतो, तहानेने नाही." एवढं बोलून त्यांचं लक्ष आमच्या पुदिन्याच्या कुंडीकडे गेलं. पुदिना म्हणजे ओल्या फडक्यावरही वाढणारी वस्तू. तो आमच्याकडे बुडून मेला होता. आई रोज सकाळी तांदळाचं धुवण त्याला घालायची. कोरगावकर त्या कुंडीकडे बराच वेळ बघत राहिले, मग वहीत काहीतरी लिहून गेले.

दोन दिवसांनी त्यांनी मला विचारलं. कंपनी त्यांना नोव्हेंबरपासून किलकेनीजवळच्या कारखान्यात पाठवणार होती, वसंतापर्यंत. घर बंद, हीटिंग बंद. चाफा थंडीत गारठून जाईल. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवू का? मी हो म्हणालो. आमच्याकडे प्लॅस्टिकचं तोरणसुद्धा कोमेजतं, हे सांगायला हवं होतं. पण समोरचा माणूस एखाद्या गोष्टीसाठी पहिल्यांदाच आपलं दार वाजवतो तेव्हा असलं काही सुचत नाही.

नोव्हेंबरात कुंडी आली. पानं गळलेली, नुसती राखाडी काठी. सोबत प्लॅस्टिकच्या पाकिटात सूचना: 'प्रकाश: भरपूर. पाणी: नाही. मार्चपर्यंत नाही. झोपला आहे.' खाली सही, तारीख.

"घरी आलेल्याला आपण आधी पाणी विचारतो," आई म्हणाली. "आणि याला पाच महिने नाही?"

"आई, हात लावायचा नाही."

"मी कशाला लावू?"

दर रविवारी कोरगावकरांचा व्हिडिओ कॉल यायचा. "निरीक्षण काय?" मी फोन काठीसमोर धरायचो. "कोरडी, ठणठणीत," म्हणायचो. मला तसं खरंच वाटत होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी मी लवकर उठून चहाला गेलो, तर आई पातेलं हातात घेऊन खिडकीशी उभी. पांढरट धुवण कुंडीत चाललेलं. खालच्या ताटलीत पाणी साचलं, ते तिने सराईतपणे सिंकमध्ये ओतलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"रोज नाही काही," आई म्हणाली. "खिचडी असते त्या दिवशी मुगाचंही धुवण असतं ना, ते जड पडेल, म्हणून नाही घालत."

त्या रविवारी मीनल, म्हणजे माझी बायको, फोन धरून उभी राहिली, कारण मी ओली ताटली पाठीमागे लपवून धरली होती. "निरीक्षण काय?" "कोरडी," मी म्हणालो. या वेळी खोटं. मग पुढचे दहा रविवार खोटं. आईनेही पाणी बंद केलं आणि गुन्हेगारासारखी त्या काठीकडे बघत भात ढवळू लागली. काठी मऊ पडली तर संपलं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. दिवसातून चारदा मी ती चिमटीत धरून बघत होतो.

एप्रिलअखेर कोरगावकर परतले. आम्ही कुंडी अंगणात नेली. ते आले, खाली बसले आणि काठीच्या टोकाकडे बघू लागले. तिथे पोपटाच्या चोचीएवढा हिरवा कोंब होता. तो मला तोवर दिसलाच नव्हता. मी खालूनच चिमटत होतो.

मग त्यांनी मातीत बोट खुपसलं, चिमूटभर माती काढली आणि मास्क खाली करून हुंगली.

"काकू," ते वर न बघता म्हणाले, "आंबेमोहोर का?"

आई पुढे झाली. "इथे कुठला आंबेमोहोर? बासमती."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"पुस्तकात एक भाग खडी सांगतात. मी दोन घातली. चाफ्याला तेवढी लागत नाही. तुमचा पुदिना बघितला आणि वाढवली."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग मला रविवारी विचारत का होता?"

"तुम्ही फोन उचलायचात म्हणून," ते म्हणाले. मग मातीचे हात झटकत राहिले. "मिरजेला गॅलरीत माझे तीन चाफे होते. तिन्ही आईने असेच घालवले, धुवण घालून. तिसऱ्या वेळी मी तिच्याशी आठ दिवस बोललो नाही. एका कुंडीपायी. नंतर वाटलं, तिला बदलण्यापेक्षा माती बदलायला हवी होती. पण हे सुचलं तेव्हा ती नव्हती."

आईने पदराने खुर्ची पुसली आणि दोन मीटर अंतरावर सरकवली. "बसा. आधी पाणी घ्या."

संध्याकाळी ते कुंडी घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ती आमच्या पायरीवर. प्लॅस्टिकच्या पाकिटात तोच कागद, पण 'पाणी: नाही' हे नीट एका रेघेने खोडून, शेजारी सही आणि तारीख, कारखान्यातल्या नियमाप्रमाणे. खाली नवीन ओळ:

'पाणी: काकूंच्या मर्जीने. कारण: माझ्याकडे रोज भात होत नाही.'

आईने कागद दोनदा वाचला. मग तांदळाच्या डब्यातून रोजच्यापेक्षा एक वाटी जास्त काढली आणि मला म्हणाली, "जा, त्यांना सांगून ये. साडेबाराला ताट वाढते."