आठ किलोवॅटची शेगडी

नेव्हिल सग्डेनने फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ठरवलं, की शेगडी घ्यायची तर नीट चौकशी करूनच घ्यायची. बस, एवढंच ठरवलं. पण त्यापायी त्याची बायको जॅनिस पुढचे आठ महिने कशातून गेली, ते तिचं तिलाच माहीत. (म्हणजे तसं ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. ती सांगतच होती.)

शेगडी हवी होती ती पुढच्या खोलीसाठी. यॉर्कशरच्या डोंगरात ब्रॅकनरॉयड नावाचं गाव, गावात एकाला एक चिकटलेली काळ्या दगडाची घरं, आणि त्यांतल्या चौदा नंबरच्या घराची पुढची खोली उत्तरेकडे तोंड करून बसलेली. गॅसचा बॉयलर बाकीचं घर कसंबसं तापवायचा आणि ह्या खोलीपाशी येऊन हात टेकायचा. तेही एक वेळ चाललं असतं. पण नाताळच्या दुसऱ्या दिवशी जॅनिसची थोरली बहीण मॉरीन आणि तिचा नवरा रॉय जेवायला यायचे, आणि मॉरीन कोट काढायची नाही. अकरा वर्षं झाली, बाई कोट घालून जेवत होती. "राहू दे गं, मी अशीच बरी," म्हणायची आणि वरचं बटण लावायची. तिने चार माणसांत थोबाडीत मारली असती तरी जॅनिसला एवढं लागलं नसतं.

"ह्या वर्षी मॉरीनचा कोट उतरला पाहिजे," जॅनिस म्हणाली. "नाही उतरला, तर पुढचा नाताळ मी तिच्या घरी करणार. तू बस इथे गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून."

आता दुसरा एखादा नवरा असता तर शनिवारी दुकानात गेला असता आणि शेगडी घेऊन आला असता. पण नेव्हिल पडला नगरपालिकेच्या हवा-शुद्धी खात्यातला कारकून. सगळं गाव धूरबंदीत. कोणाच्या धुरांड्यातून धूर दिसला आणि कोणी तक्रार केली, की त्या घरमालकाला समजपत्र जायचं. ते पत्र नेव्हिल पाठवायचा. सव्वीस वर्षं पाठवत होता. पत्राचा मसुदाही त्याचाच, आणि त्याचा त्याला मनातून फार अभिमान होता. अशा माणसाच्या धुरांड्यातून धूर निघाला तर तोंड कुठे लपवायचं?

मग फाइल झाली. फाइलला रंगीत खुणा झाल्या. धूरबंदीच्या भागात चालणाऱ्या शेगड्यांची सरकारी यादी छापून आली (यादी लांबलचक, ऑफिसच्या प्रिंटरची शाई तिच्यातच संपली). नुसत्या लाकडाची घ्यायची, की लाकूड आणि बिनधुराचा कोळसा दोन्ही जाळणारी घ्यायची, ह्यावर एप्रिल गेला.

"त्याचं काय आहे," नेव्हिल रात्रीच्या जेवणाला सांगायचा, "लाकडाला खाली राखेची गादी लागते. कोळशाला खालून वारा लागतो. म्हणजे जाळी पाहिजे. पण जाळी असली की लाकूड..."

"आणि मला काय लागतं, ते कुठल्या पानावर आहे?" जॅनिस विचारायची.

जूनमध्ये त्याने लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र आणलं. दोन टोकदार सुया खुपसायच्या, आकडा वाचायचा. वीस टक्क्यांच्या वर आकडा गेला तर लाकूड धूर करतं. लाकडं अजून आलीच नव्हती, म्हणून गड्याने सरावासाठी कुंपण, बागेतलं बाक, आणि एकदा जॅनिसने वाढदिवसाला केलेला केक तपासला. केक एकतीस टक्के निघाला. हे त्याने पाहुण्यांसमोर वाचून दाखवलं.

ऑक्टोबरात एकदाची दुकानात स्वारी गेली. दुकानदार होता ग्रीनहाल्ग नावाचा शांत म्हातारा. त्याने खोलीची लांबी-रुंदी विचारली, छताची उंची विचारली, कागदाच्या चिठोऱ्यावर गुणाकार केला आणि म्हणाला, "साडेचार किलोवॅट. पुष्कळ झालं."

नेव्हिलची फाइलही साडेचारच म्हणत होती. सगळं जुळलं होतं. जॅनिस तर पर्स उघडून उभी. आणि नेमकी तेव्हाच नेव्हिलची नजर कोपऱ्यात गेली. तिथे दर्शनी मांडलेली एक भलीमोठी बिडाची शेगडी होती. आठ किलोवॅटची. सरकारी यादीतली. आणि दुकानात मांडून थोडी जुनी दिसायला लागली म्हणून साडेचारवालीच्याच भावात!

आता यॉर्कशरच्या माणसाला काहीही सांगा, पण त्याच भावात जवळजवळ दुप्पट मिळतंय हे सांगू नका. आठ महिन्यांची फाइल आठ सेकंदांत काखेत गेली.

"अरे पण खोली दुप्पट झालीये का?" जॅनिसने विचारलं.

"जास्त असलेलं बरं असतं. जास्तीचं कमी करता येतं. कमीचं जास्त करता येतं का?"

"घरी बसवायची आहे, नेव्हिल. स्मशानात नाही."

ग्रीनहाल्गने एक उसासा सोडला आणि पावती फाडली.

शेगडी बसवायला क्रेव्हन नावाचा गवंडी आला. त्याने धुरांड्यात पोलादी नळी सोडली, दगडी फरशी बसवली, आणि मग भलंमोठं ड्रिल घेऊन बाहेरच्या भिंतीपाशी उभा राहिला.

"हे काय?" नेव्हिल म्हणाला.

"भोक पाडतोय. पाच किलोवॅटच्या वरच्या शेगडीला बाहेरून वारा लागतो. नियम आहे."

"मग थंडीत ते बंद करायचं ना?"

"कायम उघडं. तोही नियमच आहे. तुम्ही नगरपालिकेतले ना? मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

(माहीत होतं. फाइलमध्ये हिरव्या खुणेच्या मागे होतं. पण ती फाइल साडेचारची होती.)

नोव्हेंबरात पहिली आग पेटली. लाकडं सतरा टक्क्यांची, ज्वाळा सोन्यासारखी पिवळी, धुरांड्यावर धुराचा मागमूस नाही. नेव्हिल रस्त्याच्या पलीकडे उभा राहून वीस मिनिटं आपलंच धुरांडं बघत होता. आत आला तेव्हा खोलीत चौतीस अंश होते. जॅनिसने स्वेटर काढला होता, मोजे काढले होते, आणि मांजर दाराच्या फटीला नाक लावून पडलं होतं. कपाटावरच्या मेणबत्त्यांनी एकेक करून माना टाकल्या. वर तापलेलं डोकं, आणि खाली त्या भोकातून येणारा बर्फासारखा वारा सरळ पायांवर.

"डोकं भाजतंय आणि पाय गारठलेत," जॅनिस म्हणाली. "ही शेगडी परत कर. लहान आण."

"कमी करतो ना. त्यात काय!"

पण कमी होईना. धूरबंदीत चालणाऱ्या शेगडीला एक अडसर असतो. आतला वारा कमी-जास्त करायचा दांडा त्याच्यापुढे सरकतच नाही, कोणी आग दाबून धुमसत ठेवू नये म्हणून. हा अडसर किती महत्त्वाचा आहे ते नेव्हिलच्याच समजपत्रात तिसऱ्या परिच्छेदात लिहिलेलं आहे. तो अडसर म्हणजे एक साधा स्क्रू.

नेव्हिलने स्क्रू काढला. फक्त आजच्या संध्याकाळपुरता, असं स्वतःला सांगितलं. सव्वीस वर्षांची नोकरी, आणि हा माणूस स्वतःच्या घरात गुडघ्यांवर बसून गुन्हा करत होता. दांडा शेवटपर्यंत सरकला, ज्वाळा मेली, लाकडं धुमसायला लागली. खोली चोवीस अंशांवर आली. शेगडीच्या दाराची काच मात्र डांबर फासल्यागत काळी झाली, आणि बाहेर धुरांड्यावर धुराचा एक जाड पिवळट पट्टा उभा राहिला.

आजची संध्याकाळ मग उद्याही आली आणि परवाही. जॅनिस रोज सांगायची. नाश्त्याला सांगायची, भांडी विसळताना सांगायची, एकदा तर न्हाणीघराच्या दाराबाहेरून सांगितलं. "नेव्हिल, शेगडी मोठी आहे." "नेव्हिल, काच काळी झालीये, आग दिसतसुद्धा नाही." "नेव्हिल, मॉरीन आली तर कोट काढेल, पण धुराने मरेल." नेव्हिल "हं" म्हणायचा आणि पेपरचं पान उलटायचा. आठ महिने चौकशी करून घेतलेली वस्तू चुकली, हे कबूल करायला छाती लागते. ती त्याच्याकडे नव्हती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची साहेबीण रुखसाना त्याच्या टेबलापाशी आली. हातात एक कागद होता.

"नेव्हिल, एक तक्रार आलीये. दाट धूर, रोज संध्याकाळी, चौदा नंबर, चॅपल टेरेस." ती थांबली. "हे तुझंच घर ना रे?"

नेव्हिलचा चेहरा पांढरा पडला. "कोणी केली?"

"नाव गुप्त असतं. हे तूच सगळ्यांना सांगतोस."

"पॉग्सनबाई!" नेव्हिल म्हणाला. "शेजारच्या. दुसरं कोण?"

संध्याकाळी तो नाताळच्या गोड मिन्स पायचा डबा घेऊन पॉग्सनबाईंच्या दारात उभा. बाई एक्याऐंशी वर्षांच्या, विधवा, आणि जिभेला हाड नाही.

"बाई, झालं गेलं विसरून जा," नेव्हिल डबा पुढे करत म्हणाला. "मी काही मनात ठेवलेलं नाही."

"तू नाही ठेवलंस? अरे पोरा, तुझ्याच मांजराने माझ्या डाळिंबी पडद्यांची वाट लावली!"

"मांजर नाही हो. धूर!"

"माझ्या घरात धूर?"

"माझ्या! माझ्या धुरांड्यातून निघतो तो. दिसला असेल ना तुम्हाला?"

"मला?" बाई म्हणाल्या. "माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. मला तूच धड दिसत नाहीस. तू मांजरवाला सग्डेन आहेस ना?" मग डबा घेऊन त्यांनी दार लावलं.

पॉग्सनबाई नाहीत. मग कोण? समोरचा पोस्टमन? कोपऱ्यावरचे ते नवे लोक? नेव्हिल रस्त्याने जाताना प्रत्येक खिडकीकडे चोरासारखा बघायला लागला.

ऑफिसात त्याने रुखसानाला गळ घातली, की ह्या वेळी नुसती तोंडी समज दे. ती म्हणाली, "नियम म्हणजे नियम. पण तुझं पत्र तू नाही लिहायचंस, बरोबर दिसत नाही ते. मी लिहिते." तिने मसुदा काढला, नाव-पत्ता घातला, सही केली. नेव्हिल तिच्या खुर्चीमागे उभा होता. त्याने एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

तीन दिवसांनी सकाळी पत्र घरी आलं. जॅनिसने ते चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि टोस्टला लोणी लावायला लागली. नेव्हिलने उभ्या उभ्या वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. 'आपल्या बेजबाबदार वर्तनामुळे.' 'अज्ञान ही सबब मानली जाणार नाही.' 'आपल्याला शेजाऱ्यांची यत्किंचितही पर्वा असेल तर.'

"काय उर्मट पत्र आहे!" त्याचे कान लाल झाले. "माणसाला असं लिहितात का कोणी? कोणत्या गाढवाने..."

"कोणत्या?" जॅनिसने विचारलं.

नेव्हिल खाली बसला. सव्वीस वर्षांत हे पत्र किती घरांत किती जणांनी चहासोबत वाचलं असेल, ह्याचा त्याने पहिल्यांदाच विचार केला, आणि त्याला खरोखर वाईट वाटलं. मग त्याने स्क्रू परत बसवला आणि ग्रीनहाल्गला फोन केला.

दुकानात ह्या वेळी जॅनिस गेली. दहा मिनिटांत साडेचार किलोवॅटची, यादीतली, चौकोनी, साधी शेगडी घेऊन मोकळी झाली. फाइल तिने गाडीतच ठेवली होती. तेवीस तारखेला क्रेव्हनने मोठी काढली, लहान बसवली, भिंतीतलं भोक बुजवलं, आणि एकदाही "नियम आहे" म्हणाला नाही. त्याने फक्त शीळ घातली.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मॉरीन आणि रॉय आले. लहान शेगडीत दोन ओंडके स्वच्छ जळत होते, काचेतून आग दिसत होती. मॉरीन पुढच्या खोलीत आली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. वरचं बटण काढलं. मग दुसरं. मग कोट काढून रॉयच्या हातात दिला आणि म्हणाली, "अगं बाई, काय छान ऊब आहे गं!"

जॅनिसच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती ग्रेव्ही आणायच्या निमित्ताने आत पळाली.

जेवण मजेत चाललं. दुसऱ्या ग्लासानंतर नेव्हिलला राहवलं नाही. "सगळं ठीक झालं," तो म्हणाला, "पण तो चहाडखोर कोण, हे कळेपर्यंत मला झोप लागणार नाही. हाकेच्या अंतरावर राहतो, रोज तोंडावर हसतो, आणि मागे नगरपालिकेला फोन करतो. इतका नीचपणा!"

"मी केला," जॅनिस म्हणाली. "बटाटे घे."

रॉयने चमचा खाली ठेवला.

"तू? माझीच तक्रार? माझ्याच ऑफिसात?"

"मग काय करू? चार आठवडे घसा कोरडा करून सांगितलं. तोंडाने सांगितलेलं तुला कधी ऐकू येतं का? नगरपालिकेचा कागद आला की मात्र उभ्या उभ्या वाचतोस. आणि काय रे, किती पटकन झालं सगळं! मला आधी सुचलं असतं तर छत पण गळायचं थांबलं असतं."

मॉरीन कौतुकाने बहिणीकडे बघत होती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. मग तिने रॉयकडे एक नजर टाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "जॅनिस, मला पण दे ना तो नंबर. ह्यांचं घोरणं कुठल्या खात्यात येतं गं?"

"ध्वनी-प्रदूषण, दुसरा मजला," नेव्हिलच्या तोंडून निघून गेलं. "सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच. अर्ज दोन प्रतींत."