सबनीसकाकांची सर्वांत जुनी डबी

सबनीसकाकांची डबी मी चिंच-मीठ लावून घासली.

मला कुणी सांगितलं नव्हतं. दसरा तोंडावर आला होता. मंजिरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, घरातली समई नि तांब्याभांडी माझ्यापुढे टाकली होती. वाटीत चिंच उरली होती, आणि काका मायदेशी, पुण्याला गेले असल्यामुळे त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. उरलेली चिंच आणि शेजाऱ्याची किल्ली एकाच वेळी माझ्या हातात देऊ नये.

काका वुडलँड्सला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. जुरोंग आयलंडवरच्या तेल-कारखान्यांत सगळी नोकरी त्यांनी गंजाशी भांडण्यात घालवली. पाइप गंजू द्यायचे नाहीत, हेच काम. निवृत्त झाले आणि त्यांनी पक्ष बदलला. आता जे काळवंडलेलं, हिरवा कळंक चढलेलं, ते पूज्य. त्यातही काठमांडूच्या नेवार कारागिरांनी घडवलेल्या डब्या म्हणजे जीव की प्राण. सिंदुराच्या, सुपारीच्या, पूजेच्या. झाकणावर कमळं, मासे, सिंह. कपाट भरून वाहतंय.

हातात येईल ती वस्तू काका आधी उलटी करतात. "तोंड काय, कुणीही सजवतं. बूड बघ, बूड!" हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, रिकामी बशीसुद्धा उलटी करून बघतात. तिथली आंटी एकदा वैतागून ओरडली, "अंकल, ईट फर्स्ट, चेक लेटर लाह!"

आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी मंजिरीची चांदीची कुंकवाची डबी उलटी केली. तिच्या मावशीनं लग्नात दिलेली. भिंग लावलं आणि निकाल दिला, "नवी. मशीनची." त्या दिवसापासून त्यांच्या चहात आलं पडत नाही.

दुसरं कुणी ऐकून घेत नसल्यामुळे मी त्यांचा शिष्य झालो. "बिजागरीची खीळ बघ. हातानं केलेली असेल तर कुठं जाड, कुठं बारीक. उठावाचं काम आतून चाचप, हातोडीचे ठोके बोटाला लागले पाहिजेत. आणि दोन सिंह अगदी जुळे दिसले, तर यंत्रातून पडलेत असं समज. हातानं ठोकलेले सिंह सख्खे असले तरी जुळे नसतात." तोआ पायोहच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला त्यांनी गिऱ्हाइकांसमोर हेच ऐकवलं. त्यानं पुन्हा न येण्याची विनंती केली. काका पुढच्या रविवारी भिंग घेऊन हजर!

फक्त एका डबीला वेगळा न्याय होता. वरच्या फळीवर एकटीच बसलेली, काळीकुट्ट. "ही सर्वांत जुनी. सव्वाशे वर्षांची." ती ते कधी उलटी करत नसत, मला हातही लावू देत नसत.

मी अर्थातच तीच घासली.

काळं भराभरा निघालं. इतकं भराभरा, की मी वास घेतला. बूटपॉलिश! खाली लख्ख पिवळं पितळ. झाकणावर दोन सिंह, मिशीच्या केसापर्यंत जुळे. बिजागरीची खीळ सुईसारखी एकसारखी. आतून बोट फिरवलं, एक ठोका लागेना. मी थरारलो. शिष्यानं गुरूची चूक पकडली होती!

काका परतले त्या संध्याकाळी मी डबी घेऊन, चहा घेऊन आलेल्या मंजिरीसकट, त्यांच्या दारात. लखलखाट बघून ते खुर्चीत बसलेच. ती संधी समजून मी व्याख्यान सुरू केलं.

"काका, ही नवी आहे! मशीनची!"

"जुनी आहे."

"अहो, सिंह जुळे आहेत."

"कारागीर शिस्तीचा होता."

"आणि खीळ?"

"नंतर बदललेली."

"बूटपॉलिश निघालं हो!"

"मग? काठमांडूत बूट घालत नाहीत का?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मंजिरीनं माझ्या पायावर पाय दिला. "काका," तिनं हळूच विचारलं, "ही कुणी घेतली होती?"

काकांनी डबी हातात घेतली. सवयीनं उलटी करायला गेले आणि थांबले.

"सुमननं, तुमच्या काकूनं. आम्ही काठमांडूला गेलो होतो तेव्हा. धावत दाखवायला आली, बघा, किती जुनी मिळाली! मी तिथंच उलटी केली. म्हटलं, नवी, मशीनची. दुकानदारासमोर." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तिनं डबी पिशवीत टाकली. पुढं तिनं मला नवीन आणलेलं काही दाखवलं नाही. साडीसुद्धा नेसली की कळायची."

मंजिरीनं बशी त्यांच्याजवळ सरकवली.

"ती गेल्यावर मी पुन्हा तपासली," काका एकदम ताठ झाले. "पहिली तपासणी चुकली होती. सव्वाशे वर्षं. कुणाला काय म्हणायचंय ते म्हणू दे!"

मी घरी जाऊन ऑफिसच्या बुटांचं पॉलिश आणि जुना टूथब्रश घेऊन आलो. काकांनी माझ्याकडून काम करून घेतलं. फक्त बोटानं दाखवत होते. खोबणीत जास्त, उंचवट्यावर कमी, जिथं माणसाची बोटं फिरतात तिथं अजिबात नाही. डबी हळूहळू म्हातारी झाली.

मग ते मंजिरीकडे वळले. "तुझी ती चांदीची डबी आण बघू."

तिनं आणली. काकांनी भिंग काढलं नाही. डबी उलटीही केली नाही. "जुनी आहे ही. माझी चूक झाली होती."

"काका, मशीनचीच आहे हो. मावशीनं सराफाची पावतीसुद्धा दिली होती."

"पावती चुकीची आहे."

मंजिरी हसली. दुसऱ्या चहासाठी आलं किसायला ती उठली.

मला वाटलं, आपलाही अपराध पोटात घातला गेला. मी अंगठ्याचं पॉलिश रुमालाला पुसत लाडात विचारलं, "काका, आणि मी?"

काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मंजिरी, किल्ली यापुढे तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "हा नवा आहे. मशीनचा."