धोंड्याच्या महिन्यातली विरक्ती

काही मागायचं नाही आणि होता होईल तो बोलायचं नाही, असं मी ठरवलं ते एका कुंगफूच्या पिक्चरमुळे. त्यात एक म्हातारा नावाडी गुरू आहे. तो वल्हं घेऊन हवेत उडतो. (पहिल्यांदा लागला तेव्हा पिक्चर साफ पडला म्हणे; आता माझ्यासारखे भक्त तो पुन्हा पुन्हा बघतात.) शेवटी राक्षसराजा गुरूपुढे अर्धं राज्य ठेवतो. गुरू नुसती मान हलवतो. ज्याला काहीच नको, त्याला हरवणार कसं? राजा तिथंच रडायला लागतो. मी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसतो आणि रोज कुणाकडून तरी हरतो, त्यामुळे मला हे फार पटलं.

प्रयोगाला मी नेमका तो रविवार धरला, ज्या दिवशी फुलंब्रीला सासुरवाडीत धोंड्याचं जेवण होतं. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, वर काहीबाही देतात. सासरे आप्पासाहेब यांनी शर्टपँटचं कापड पुढे केलं. मी मंद हसून मान हलवली. चांदीची वाटी आली. तिच्याकडे मी करुणेने पाहिलं. सासूबाई दुसरा धोंडा वाढायला वाकल्या, तर ताटावर हात आडवा धरला. आत कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, माझ्या शांतीचा प्रभाव पडतोय.

मग सासूबाई पदर सावरत बाहेर आल्या. "जावईबापू, आमचं काय चुकलं का?"

"मला खरंच काही नको," मी म्हणालो.

रुसलेला जावई आजवर हेच वाक्य बोलत आलाय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. भाऊबंद ओट्यावर बसलेले. जावई अर्धपोटी उठला तर गावभर होणार. आप्पासाहेब उठून मोरीत गेले आणि बोटातली अंगठी साबण लावून ओढायला लागले. त्यांच्या लग्नातली अंगठी.

"लई वर्सांची हाये, निघंना," ते म्हणाले आणि हसायला गेले.

गुरूला सासुरवाडी नव्हती. काही नको म्हणण्यातही एक मिजास असते आणि देणाऱ्याचा हात तसाच पुढे राहतो, हे पिक्चरमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. मी घाईघाईने म्हणालो, "आप्पा, अंगठी राहू द्या. धोंडे वाढा. तूप जास्त." मग कापड घेतलं, वाटी घेतली, वर ते ठेवायला पिशवीही मागितली. आप्पासाहेबांच्या चेहऱ्यावर रंग परतला. मला मात्र पाटावरून उठवायला मेहुणा लागला.

संभाजीनगरला परतताना गाडीवर मी मागे बसलेल्या बायकोला, मोनिकाला, सगळं तत्त्वज्ञान समजावून सांगितलं. आपण शहाणे झालो याचा आनंदच होता.

"लग्न झाल्यापासून तुमच्या घरी मीपण म्हणते, मला काही नको," ती म्हणाली. "ते तुम्हाला लगेच खरं वाटतं."

मी गाडी बाजूला घेतली. खरंच वाईट वाटलं होतं. वळून म्हणालो, "सांग, तुला काय पाहिजे?"

"काही नको."

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. मी गाडी सुरू केली.